जमीन कुणाची, बांध कुणाचा?



पावसाळ्यात एखाद्या उताराच्या रानातून चालत जा. शेजारी शेजारी दोन शेते दिसतील. एकाचे बांध धड, सांडव्याला दगड लावलेले. दुसऱ्याचा बांध फुटून घळ पडलेली आणि मुरूम उघडा. पाऊस दोन्हींवर सारखाच पडला. मग फरक कशाचा? पुष्कळदा असे आढळते की पहिले शेत कसणाऱ्याच्या नावावर असते आणि दुसरे वर्षाच्या बोलीने खंडाने दिलेले असते.

खंडकऱ्याला आळशी म्हणू नका. त्याचा हिशेब बरोबरच आहे. बियाण्याचा खर्च त्याच हंगामात निघतो, शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे टिकतो; पण बांधाची मजुरी फिटायला कित्येक पावसाळे जावे लागतात. पुढच्या पाडव्याला शेत आपल्याकडे राहील की नाही हेच ठाऊक नसेल, तर दुसऱ्याच्या रानात दगड कोण वाहील?

आपल्याकडे मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारी अनेक कुळे जमिनीची खरेदीदार मानली गेली. सातबाऱ्यावर नाव लागले, की घातलेला बांध मुलाबाळांच्या उपयोगी पडेल असा भरवसा येतो. पण याला दुसरी बाजूही आहे. जमीन कुळाकडे जाईल या धास्तीने पुष्कळ मालक आजही तोंडी बोलीने, एकेका वर्षापुरतेच रान देतात आणि कसणारा बदलत राहतात. मुदत नाही, म्हणून बांध नाही. आणि बांध नाही, म्हणून मालकाचीच माती ओढ्याला जाते!

नीती आयोगाने २०१६ साली सुचविलेल्या नमुना कायद्यात यावर तोड आहे: मालकी मालकाचीच राहावी, मुदत उभयतांनी ठरवावी आणि कसणाऱ्याने केलेल्या सुधारणेची उरलेली किंमत त्याला जाताना मिळावी.

अर्थात नुसता सातबारा माती अडवत नाही. पाणी काही गट नंबर पाहून वाहत नाही. वरच्याचा बांध फुटला की खालच्याचे रान जाते. म्हणून शेजाऱ्यांनी मिळूनच काम केले पाहिजे.

तेव्हा मालक-खंडकरी बंधूंनो, खंड ठरवताना बांधाचीही बोली करा: खर्च कुणाचा, डागडुजी कुणाची, मुदत किती. आणि गुरुजी, मोठ्या पावसानंतर अशा दोन शेतांतून वाहून येणारे पाणी मुलांना दोन बरण्यांत धरायला सांगा. तळाशी बसलेला गाळ पाहिला, की निराळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.