लांबून येणारा टाळ कसा ऐकवायचा?

पुण्याजवळच्या चिखलीचं ‘टाळगाव चिखली’ हे नाव तुकाराम महाराजांच्या टाळांच्या आख्यायिकेवरून पडलं, असं गावात सांगतात. आजच्या चिखलीत भजनाच्या टाळांबरोबर वर्कशॉपमधली लेथ वाजते आणि पाळी सुटली की कंपनीच्या बसचे हॉर्नही. श्राव्य कथेचं ध्वनिसंयोजन शिकणाऱ्याला सरावासाठी आणखी काय हवं?

श्राव्य कथेत चित्र नसतं. जागा, वेळ, अंतर हे सगळं कानातूनच कळतं. त्यासाठी संवाद, परिसराचा आवाज, हालचालींचे आवाज, संगीत आणि शांतता हे पाच थर जुळवावे लागतात. मराठी श्रोत्यांना ही कला आकाशवाणीच्या श्रुतिकांनी ओळखीची केली. पुणे केंद्र 1953 साली सुरू झालं. 1960 साली पुण्यात स्थापन झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनीचं रीतसर शिक्षण मिळतं. ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी 2009 साली ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच विद्यार्थी.

समजा, कथेत दिंडी लांबून येते आहे. नवखा माणूस टाळांचा आवाज नुसता बारीक करतो. मग टाळ जवळच, पण हळू वाजल्यासारखा वाटतो. अंतर वाढलं की हवेत उंच पट्टीचे स्वर आधी विरतात, आणि थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त पोहोचतो. म्हणून आवाज कमी करतानाच त्याची धार बोथट करायची, थोडा घुमार मिसळायचा. दिंडी जवळ येईल तशी धार परत आणायची.

टाळ रेकॉर्ड करणंही सोपं नाही. त्याचा पहिला ठोका एकदम उसळतो. माइक जरा लांब, तिरका धरावा आणि पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावी. फाटलेला आवाज नंतर नीट सुधारत नाही. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर कुणीही न बोलता नुसता परिसर टिपावा. संवादांचे तुकडे जोडताना तोच कामी येतो.

सगळ्यात कठीण काम निवडीचं. लेथ, हॉर्न, कुत्री, कुकर हे सगळं एकदम भरलं तर संवाद बुडतो. प्रसंगाची ओळख पटवणारे एकदोन आवाज पुरतात.

सुरुवातीला मोबाइल, बरा हेडफोन आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरे. आपल्याच गल्लीवर दोन मिनिटांचा, निवेदन नसलेला प्रसंग तयार करा आणि गल्ली न पाहिलेल्या माणसाला ऐकवा. कोण कुठे आहे आणि काय घडतंय, हे त्याला सांगता आलं नाही, तर थर पुन्हा जुळवा.