कांस्यातले वाहते पाणी

कांस्यशिल्प म्हटले की आपल्याकडे चौकातला पुतळा डोळ्यांपुढे येतो : उंच चौथरा, वर एखादा नेता किंवा घोडेस्वार आणि खाली कोनशिला. स्पेनच्या क्रिस्तिना इग्लेसियास यांच्या शिल्पात यातले काहीच नाही. चौथरा नाही, माणूसही नाही. जमिनीत उतरलेले, पानामुळांच्या ठशांनी भरलेले कांस्य आणि त्यावरून संथ वाहणारे पाणी, एवढेच तिथे असते.

इग्लेसियास यांचा जन्म 1956 सालचा, सान सेबास्तियान या बास्क शहरातला. आधी रसायनशास्त्र, मग बार्सिलोनात मृत्तिकाकला आणि पुढे लंडनच्या चेल्सी कलाशाळेत शिल्पकला, असे त्यांचे शिक्षण झाले. त्यांच्या गावच्या उपसागराच्या एका टोकाला एदुआर्दो चिलिदा यांचे पोलादी पंजे 1977 पासून खडकांवर उभे राहून वाऱ्याशी झुंजत आहेत. इग्लेसियास यांनी नेमकी उलटी वाट धरली. त्यांचे शिल्प बाहेर झेपावत नाही. ते पाहणाऱ्याला आत ओढते.

त्यांच्या कलेचे एक मूळ स्पेनच्या अरबी वारशात आहे. तिथल्या जुन्या वास्तूंतील जाळीदार खिडक्यांवरून त्यांनी स्वतःच्या जाळ्या घडवल्या आणि त्यांच्या विणीत रेमों रुसेल, जे. जी. बॅलार्ड यांच्या कादंबऱ्यांतील मजकूर गुंफला. अक्षरे दिसतात, पण सलग वाचता येत नाहीत. दुसरे मूळ भूगर्भात, खडकांच्या थरांत आहे.

2007 साली माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाच्या विस्तारित इमारतीसाठी त्यांनी सहा भागांचे कांस्यद्वार केले. त्यावर दाट झाडोरा ओतलेला आहे आणि दिवसभरात दारांचे कोन बदलत जातात, म्हणजे सकाळी आलेला आणि संध्याकाळी आलेला माणूस एकाच दारातून शिरत नाही. तोलेदोत 2014 साली त्यांनी तीन ठिकाणी पाण्याची शिल्पे मांडली. मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती अशा तिन्ही समाजांच्या सहवासाच्या त्या शहरात पाणी हळूहळू भरते, थबकते आणि ओसरते. लंडनमधील 2017 च्या कामात तर त्यांनी शहराखाली गाडल्या गेलेल्या वॉलब्रुक नदीचीच आठवण जागवली.

इथे कांस्याची निवड शोभेसाठी नाही. तांबे आणि कथील यांचा हा रस साच्यातली बारीकशी रेघही टिपतो. पानाची शीर, सालीची खरखर जशीच्या तशी उतरते. शिवाय तो पाण्यात टिकतो आणि वर्षांगणिक हिरवट पडत जातो. झाडे वाढावीत तसा रंग वाढतो, हे या शिल्पांना फार शोभते.

2021 साली त्या जन्मगावी परतल्या. उपसागरातील सांता क्लारा बेटावरचे ओस पडलेले दीपगृह आतून पोखरून त्यांनी खडकाच्या पोटात ‘होन्दालेआ’ हे शिल्प साकारले. बास्क भाषेत या शब्दाचा अर्थ समुद्रतळ. किनाऱ्यावरील खडकांच्या थरांसारखे दुमडलेले कांस्य आणि भरती-ओहोटीच्या लयीत चढणारे-उतरणारे पाणी तिथे आहे. हे शिल्प त्यांनी शहराला भेट दिले. तरीही बांधकामाच्या खर्चावरून आणि बेटाच्या निसर्गाला धक्का लागेल या भीतीने स्थानिकांतून विरोध झाला. तो अनाठायी म्हणता येणार नाही. निसर्गाचे गुणगान करण्यासाठी खडक फोडावा लागला, हे खरेच आहे.

दीपगृहाचे बाह्यरूप मात्र राखलेले आहे. उन्हाळ्याच्या हंगामात बोटीने बेट गाठून, चढण चढून गेलेल्याला समोर दिसते ते एक साधे पांढरे घर. दार उघडल्यावरच पायांखालची दरी कळते.