संतानप्राप्ती आणि मद्य : प्रत्येक घराने मांडावयाचा हिशेब



बँकेच्या नोकरीत असंख्य व्यापाऱ्यांचे ताळेबंद तपासले. अनुभव असा की, ताळेबंद बिघडवतो तो बहुधा वहीत न लिहिलेला खर्च. आज हे आठवण्याचे कारण माझ्या परिचयातील एक कुटुंब. ज्या तरुणाची ही हकीगत आहे, त्यानेच 'नाव न घालता अवश्य लिहा, काका' असे सांगितले.

विवाहाला चार वर्षे झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. पहिली तीन वर्षे सूनबाईंच्याच तपासण्या झाल्या. सोनोग्राफी, रक्ततपासण्या, पथ्ये आणि जोडीला नातेवाइकांचे प्रश्न. मुलाची साधी वीर्यतपासणी झाली ती चौथ्या वर्षी. शुक्रजंतूंची संख्या व हालचाल दोन्ही कमी निघाली. डॉक्टरांनी 'मद्य घेता का?' असे विचारले, तेव्हा वडील शेजारी बसलेले होते. मुलाने 'नाही' म्हणून सांगितले. वस्तुतः व्यापारी मित्रांबरोबर आठवड्यातून दोन-तीन बैठका ठरलेल्या होत्या.

आपले नाशिक द्राक्षांचे आणि आता वाइनचेही शहर आहे. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले. त्याच सुमारास गंगापूर-दिंडोरी परिसरात वाइनरी उभ्या राहू लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असेही जाहीरपणे म्हटले गेले. आपण व्यापारी माणसे; शब्दांपेक्षा आकडे पाहू. १३ टक्के मद्यार्क असलेल्या वाइनच्या १५० मिलिलिटर पेल्यात सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम, तर पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे २५ ग्रॅम असतो. शरीर लेबल वाचत नाही. त्याच्या खात्यावर मद्यार्कच जमा होतो.

हा मद्यार्क करतो काय? पुरुषाच्या बाबतीत अतिसेवनाने टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घटते, मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीकडून येणारे संदेश विस्कळीत होतात आणि शुक्रजंतूंची संख्या, आकार व हालचाल यांवर परिणाम होतो. शुक्रजंतू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात. म्हणून आज सोडलेल्या मद्याचा लाभ पुढच्या आठवड्यात दिसत नाही. तीन महिन्यांचा धीर धरावा लागतो. आशेची बाजू हीच की, पुष्कळांच्या बाबतीत सेवन थांबल्यावर सुधारणा होते.

स्त्रियांच्या बाबतीत अतिसेवनाने मासिक पाळी व स्त्रीबीज सुटण्याची क्रिया अनियमित होऊ शकते. अल्प सेवनाविषयी मात्र संशोधकांत एकमत नाही. डेन्मार्कमधील ४३० जोडप्यांच्या १९९८ च्या अभ्यासात, आठवड्याला पाच किंवा त्याहून कमी पेये घेणाऱ्या स्त्रियांतही गर्भधारणेची शक्यता घटलेली आढळली. त्याच देशातील ६,१२० स्त्रियांच्या २०१६ च्या अभ्यासात आठवड्याला १४ पेयांपर्यंत ठळक फरक दिसला नाही. त्यापुढे मात्र शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी कमी आढळली.

मग थोडी घेतली तर काय बिघडले? उत्तर गर्भाच्या बाजूने आहे. गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत अनेकदा चार-पाच आठवडे उलटतात आणि याच काळात बाळाच्या अवयवांची पायाभरणी सुरू होते. मद्यामुळे गर्भाच्या वाढीवर व मेंदूवर होणाऱ्या परिणामांना १९७३ मध्ये वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव मिळाले. म्हणूनच ब्रिटनच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये, गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने मद्य अजिबात न घेणे हेच सर्वांत सुरक्षित, असा सल्ला दिला. नकळत एखाद्या वेळी घेतले गेले असेल, तर घाबरून न जाता थांबावे आणि डॉक्टरांना सांगावे.

मद्य हे वंध्यत्वाचे एकमेव कारण नव्हे, हेही तितकेच खरे. वय, थायरॉइड, वजन, तंबाखू, गर्भनलिकांचे दोष अशी कारणे अनेक आहेत. परंतु अपत्य न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा कमी-अधिक वाटा असतो. म्हणून वर्षभर प्रयत्न करूनही यश न आल्यास दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. वीर्यतपासणी सोपी आणि तुलनेने स्वस्त आहे. ती टाळून सुनेला वर्षानुवर्षे दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लावणे हा अन्याय आहे.

आता आपल्या घरांविषयी. सप्त व्यसनांत मद्य मोडते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्या घरात ते निषिद्ध, त्या घरात ते लपून घेतले जाते आणि लपलेली गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. आपल्या परंपरेत निषेधाबरोबर आलोचनाही आहे : गुरूंसमोर दोष निःसंकोच सांगणे. तपासणीच्या खोलीतही ती मोकळीक मिळाली पाहिजे. वडीलधाऱ्यांनी त्या वेळी बाहेर बसावे. घरी खरे कळले तर संतापाआधी आधार द्यावा. रोज व भरपूर पिणाऱ्याने मात्र मनाने एकाएकी बंद करू नये; झटके येण्यासारखे धोके असतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच कार्य करीत आहे.

तो तरुण पुढे एकटाच डॉक्टरांकडे गेला आणि खरे काय ते सांगून आला. गेले पाच महिने त्याने पेल्याला स्पर्श केलेला नाही. दुसरा अहवाल पहिल्यापेक्षा बरा आला असून उपचार चालू आहेत. परवा त्याचे वडील भेटले. म्हणाले, "साहेब, तीन वर्षे आम्ही सूनबाईंकडेच बोट दाखवत होतो. परवा मी तिची क्षमा मागितली."

त्या घराचा ताळेबंद तेथून जुळू लागला, असे मला वाटते.