धूसर नकाशातलं प्रथिन

क्ष-किरण स्फटिकातून गेले की फिल्मवर उमटतात ते फक्त ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे इलेक्ट्रॉन-घनतेची एक लाट. फूरिये रूपांतराने या लाटांची बेरीज केली की रेणूचा नकाशा तयार होतो. पण लाटांची कला, म्हणजे प्रत्येक लाटेचा माथा कुठे येतो ते, ठिपक्यांत नोंदलीच जात नाही! प्रथिनात जड अणू बसवून ती शोधावी लागली.

केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांच्या गटाने सुमारे ४०० ठिपक्यांवरून मायोग्लोबिन या प्रथिनाचा पहिला नकाशा काढला, तो १९५८मध्ये प्रसिद्ध झाला. विभेदन, म्हणजे वेगळा दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, ६ अँगस्ट्रॉम; दिसल्या त्या नुसत्या वळणदार कांड्या.

१९६०मध्ये विभेदन २ अँगस्ट्रॉमवर आलं, त्यासाठी जवळपास ९,६०० ठिपके मोजावे लागले. तपशील तिप्पट बारीक हवा, तर तिन्ही दिशा मिळून लाटा साधारण सत्तावीसपट लागतात. आता कांड्यांमधली सर्पिल रचना उलगडली. शेजारचे कार्बन अणू मात्र एकमेकांत मिसळलेलेच राहिले, कारण त्यांच्यातलं अंतर जेमतेम दीड अँगस्ट्रॉम असतं.