बाईक टॅक्सी सुरू करायचीय? आधी आरटीओ, मग शोरूम!

घरी बाईक आहे, हाताला काम नाही. औशाच्या बसस्टँडवरून सवारी मारली तर चार पैसे सुटतील, असा विचार तुमच्याही डोक्यात आला असेल. विचार वाईट नाही, पण आधी कागद बघू.

पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी खासगी वापराची. तिच्यावर भाडं घेतलं आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग सवारीच्या दवाखान्याचा खर्च कुणाच्या डोक्यावर? तुमच्या! दिवसाला दोन-चारशे कमवायला गेलात आणि शेत विकायची पाळी आली, असं नको.

मोठ्या कंपन्यांनाही यातून सूट नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना नाही म्हणून रॅपिडोला राज्यातली सेवा थांबवायला लावली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही.

२०२५ मध्ये राज्याने बाईक टॅक्सीचे नियम आणले. मुख्य गोष्टी अशा:

- गाडी इलेक्ट्रिकच हवी, रंग पिवळा.
- परवाना कंपनीला. किमान ५० गाड्या हव्यात.
- चालकाचं वय २० ते ५०.
- एका फेरीची मर्यादा १५ किलोमीटर.
- १२ वर्षांखालच्या मुलाला बसवायचं नाही.
- सेवा १ लाखापेक्षा जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी.

आता औशाचं बघा. आपलं गाव १ लाखात बसत नाही. लातूर बसतं, पण औसा-लातूर अंतर सुमारे २० किलोमीटर, म्हणजे फेरीच्या मर्यादेबाहेर. त्यामुळे 'औसा ते लातूर बाईक टॅक्सी' हा धंदा या नियमांत बसतच नाही. ज्याला करायचंय, त्याने लातूर शहरात परवानाधारक कंपनीशी जोडून घेण्याचा विचार करावा.

गोव्यात वेगळी पद्धत आहे. तिथे 'पायलट' स्वतःच्या पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर, स्वतःच्या परवान्याने सवारी नेतो. नंबर आणि बॅज दिसतो, म्हणून एकटी बाईसुद्धा बिनधास्त मागे बसते. नोंदणीचा खरा फायदा हाच. ती पोलिसांच्या भीतीने करायची गोष्ट नाही, गिऱ्हाईकाचा विश्वास त्यातून मिळतो.

आता गणित. सप्टेंबर २०२५ मध्ये ठरलेलं भाडं: पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १०.२७ रुपये. १० किलोमीटरचे झाले साधारण १०२ रुपये. यातून कंपनीचं कमिशन, चार्जिंग, हप्ता, विमा, टायर आणि रिकामी परतीची फेरी वजा करा. उरेल तीच तुमची कमाई.

हे सगळं वहीवर मांडा. नियम बदलत राहतात, म्हणून हप्त्यावर सही करण्याआधी लातूरच्या आरटीओ कार्यालयात तीन प्रश्न विचारा: आज कोणत्या कंपनीला परवाना आहे? माझ्या लायसनवर काय नोंद लागेल? विमा कोणता लागेल?

उत्तरं मिळाली, गणित जुळलं, तरच शोरूमची पायरी चढा.