वाण्याच्या दुकानातला प्रश्न

एखादी स्त्री मुसलमानांचं नेतृत्व करू शकते का? मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी (१९४०–२०१५) यांनी हे एकदा आपल्या वाण्याला विचारलं. तो हादरलाच! तिथे उभ्या असलेल्या एका शिक्षकाने लगेच हदीस, म्हणजे पैगंबरांचं म्हणून सांगितलं जाणारं वचन, ऐकवली: कारभार बाईच्या हाती देणाऱ्यांचं भलं होत नाही.

मर्निसी तेव्हा गप्प बसल्या. मग मात्र त्यांनी जुने ग्रंथ उघडले. ही हदीस पैगंबरांचे सहकारी अबू बक्रा यांच्या तोंडची. पैगंबरांच्या पत्नी आयेशा ६५६ साली 'उंटाच्या लढाई'त हरल्या, त्यानंतर अबू बक्रांना ती आठवली! १९८७ च्या पुस्तकात मर्निसींनी हा सगळा माग मांडला. इस्लामी स्त्रीवादाची ताकद मला इथे दिसते: ज्या ग्रंथांचा दाखला देऊन बाईला गप्प केलं, तेच तिने स्वतः वाचायचे.

मोरोक्कोत रस्त्यावरची लढाईही सुरूच होती. १९९२ मध्ये कौटुंबिक कायदा बदलण्यासाठी दहा लाख सह्यांची मोहीम निघाली. १२ मार्च २००० रोजी रबातमध्ये सुधारणांच्या बाजूने मोर्चा निघाला, तर कासाब्लांकात विरोधात. दोन्हीकडे स्त्रिया होत्या!

अखेर २००४ मध्ये नवी 'मुदव्वना', म्हणजे कौटुंबिक कायदा, आली. लग्नाचं किमान वय १८ झालं, नवऱ्याची आज्ञा पाळण्याचं कलम गेलं, कुटुंबाची जबाबदारी दोघांची ठरली. न्यायाधीशांच्या परवानगीने अल्पवयीन लग्नाची पळवाट मात्र उरलीच.

मर्निसींना जरूर वाचा!

#फातिमामर्निसी #मोरोक्को #स्त्रीवाद