मोहरीएवढं, शंभर किलोमीटरवरून

१.७ मिलिमीटर म्हणजे मोहरीचा एक दाणा. छिंगहाय सरोवराच्या काठी चिनी विज्ञान अकादमीच्या संशोधकांनी लेसर रडार लावलं आणि १०१.८ किलोमीटरवरचा एवढा बारकावा टिपला, असं २०२५ मध्ये जाहीर झालं. हवा स्वच्छ होती, वारा स्थिर होता. ही सवलत धरूनही आकडा पचत नाही.

साध्या दुर्बिणीला हे साधायचं तर? १.५५ मायक्रॉनची अवरक्त लहर धरली, तर आरसा सुमारे ९३ मीटर रुंद हवा. चिलीत उभी राहत असलेली सर्वांत मोठी दुर्बीण ३९ मीटरची आहे. म्हणून हे लेसर रडार ‘सिंथेटिक अपर्चर’ नावाची युक्ती वापरतं; तिच्यात एवढा आरसा बांधतच नाहीत. लहान भिंग सरकवत नेतात (किंवा लक्ष्यच फिरतं), परतलेल्या प्रत्येक लहरीची कला (फेज) नोंदवतात आणि त्या नोंदी संगणकात जुळवतात. सरकण्याचा फरक जाताना आणि येताना असा दोनदा पडतो, म्हणून ४६ मीटर पुरतात. ताशी २५० किलोमीटरने उडणारं विमान तेवढं अंतर पाऊण सेकंदाच्या आत कापतं. उपग्रहाला ६ मिलिसेकंद बास.

ही युक्ती मूळची रेडिओ लहरींच्या रडारची. कार्ल वायली यांनी ती १९५१ मध्ये सुचवली. पण ३ सेंटिमीटरच्या लहरीला हेच सूत्र लावलं तर सरकायला ९०० किलोमीटर लागतात, आणि तेही कागदावरच. पाव लहरीपेक्षा, म्हणजे साडेसात मिलिमीटरपेक्षा बारीक काही तिला दिसूच शकत नाही.

लहर आखूड झाली की प्रवास आखडतो, पण चुकायची मुभाही आखडते. २०३.६ किलोमीटरच्या जाण्यायेण्यात १.५५ मायक्रॉनच्या प्रकाशाच्या १३,००० कोटींहून अधिक लहरी मावतात. नोंदी चालू असताना भिंग आणि लक्ष्य यांच्यातलं अंतर नकळत मायक्रॉनच्या काही दशांशांनी हललं, तरी जुळणी बिघडते. विमानाचं इंजिन थरथरतं, हवा तापून लवलवते; खरी डोकेदुखी ही आहे. संगणकाचा बराचसा वेळ चित्र काढण्यापेक्षा हे थरथरणं ओळखून वजा करण्यात जातो.

शिवाय प्रकाशाची उधळपट्टी. छिंगहायचा लेसर १०३ वॉटचा होता. १.५५ मायक्रॉनच्या हिशेबाने सेकंदाला ८ वर २० शून्यं एवढे फोटॉन निघतात. एवढ्या लांबच्या खडबडीत पृष्ठभागावरून ७ सेंटिमीटरच्या भिंगात परत येतात जेमतेम ९ कोटी, तेही पृष्ठभाग पांढराशुभ्र असला आणि सगळा झोत त्याच्यावरच पडला तर.